चेवनिंग की इरॅस्मस मुंडस : डिपॉझिटचं काय करायचं?

परदेशी सरकारच्या पैशावर मास्टर्स करायचं म्हटलं की पहिलं नाव अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचं निघतं. ते मी लवकरच बाजूला ठेवलं. मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बीए तिथे पुरत नाही. वर एमए किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमा लागतो. २००८ च्या करारापासून आपलं सरकारही त्यात पैसे घालतं, पण अमेरिकेचा वाटा दरवर्षी तिथल्या संसदेच्या, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या, मंजुरीवर अवलंबून. त्यात जून २०२५ मध्ये, निवडीत सरकार ढवळाढवळ करतंय असं म्हणत, फुलब्राइटच्या अमेरिकेतल्या मंडळातल्या जवळजवळ सगळ्या सदस्यांनी राजीनामे दिले.

राहता राहिल्या दोन शिष्यवृत्त्या. चेवनिंगमागे ब्रिटनचं परराष्ट्र खातं, इरॅस्मस मुंडसमागे युरोपीय संघ, ज्याचा पैसा २०२१ ते २०२७ असा सात वर्षांसाठी एकदम ठरलेला. चेवनिंगचं वजन मोठं आहे, यात वाद नाही. एका वर्षात पदवी, विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च वेगळा, शिवाय ओळखींचं जाळं. नेतृत्वावरचा निबंध लिहिताना स्वतःची टिमकी वाजवावी लागते, पण तेवढं जमून जातं.

मला नडलं ते डिपॉझिट. चेवनिंगचा अर्ज वेगळा आणि विद्यापीठांचे प्रवेश वेगळे. मुलाखती वसंतात, निकाल जूनच्या सुमारास. मला प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाला मात्र त्याच्या बऱ्याच आधी जागा राखायची रक्कम हवी होती. शिष्यवृत्तीचा निकाल लागायचाय, जरा थांबा, असं कळवलं तर तीच तारीख ठळक अक्षरांत परत आली. बाबांची एफडी मोडली तर रक्कम निघत होती, आणि शिष्यवृत्ती हुकली असती तर ती परत मिळेल याची हमी नव्हती. ज्याला फुकट शिकायचंय त्यानेच आधी लाख-दोन लाख अडकवायचे, हे डोंबिवलीतल्या घरात समजावून दाखवा! काही विद्यापीठं मुदत वाढवून देतात असं ऐकलंय. माझ्या वाट्याला तसं आलं नाही.

इरॅस्मसमध्ये प्रवेश आणि शिष्यवृत्तीचा अर्ज एकच. निकाल बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलमध्ये लागतो, आणि निवड झाली की फीचा प्रश्नच मिटतो. महिन्याला १,४०० युरो मिळतात. प्रवास, व्हिसा, घरभाडं सगळं त्यातच भागवायचं, म्हणून पहिला महिना ओढाताणीचा जातो. अभ्यासक्रम वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं मिळून चालवतात, त्यामुळे दर काही महिन्यांनी देश बदलतो, म्हणजे नवी खोली, राहण्याचा नवा परवाना, पुन्हा बॅगा. ज्यांना भाड्याची घरं बदलायची सवय नाही त्यांना हा प्रकार जड जाईल. मला त्याचं फार वाटलं नाही. शिवाय चेवनिंगची दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट इथे नाही.

नोकरीतून वर्षभराची रजा मिळतेय, चेवनिंगला लागणारा किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव आहे आणि घरी पैशाची थोडी ऊब आहे, अशांना चेवनिंग कदाचित जास्त सोयीचं पडेल. बाकीच्यांनी, तेवढा अनुभव असेल तर, दोन्ही भरायला हरकत नाही. चेवनिंगचा फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये उघडतो, इरॅस्मसचे बरेचसे ऑक्टोबरपासून. फक्त एप्रिलमध्ये इरॅस्मसचं पत्र हातात पडलं, तर जूनची वाट बघत एफडीला हात लावू नका.