टेलिकॉम कॅबिनेट: सीआरसीए की ॲल्युमिनियम?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मित्राला बाहेर बसणाऱ्या टेलिकॉम कॅबिनेटचं काम मिळतंय. पत्रा सीआरसीए (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा) घ्यावा की ॲल्युमिनियम, यावर गाडी अडलीय.

आधी वजन. 1.6 मिमी सीआरसीएचा एक चौरस मीटर साधारण साडेबारा किलो भरतो, 2 मिमी ॲल्युमिनियमचा साडेपाच. गच्चीवर किंवा खांबावर चढवायचं असेल तर हा फरक हमालांना विचारा!

पैशात सीआरसीए स्वस्त, आणि नुसता पत्राच नाही. मिग वेल्डिंग (तार आपोआप पुढे येते ते) करणारे सातपूर-अंबडला सहज मिळतात; ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला बहुधा टिग (हाताने सळी देत करायचं नाजूक वेल्डिंग) लागतं, तो उष्णतेने वाकतो, आणि तसा हात बसलेला वेल्डर मजुरीही तशीच घेतो.

खरी मेख गंजात आहे. सीआरसीए टिकतो तो पावडर कोटिंगच्या जिवावर, आणि कोटिंग टिकतं ते आधीच्या डीग्रीझिंग-फॉस्फेटिंगवर, म्हणजे तेल काढून फॉस्फेटचा थर देण्याच्या प्रीट्रीटमेंटवर. रंग धारदार कडेवर पातळ बसतो, म्हणून केबल एंट्रीच्या भोकाची बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) काढलेली नसेल तर गंज तिथूनच सुरू होतो. साइटवर कोणी नवं भोक पाडलं की संपलंच. ॲल्युमिनियमला तांबडा गंज नाही. पण स्टेनलेसचे स्क्रू थेट बसवले तर ओलाव्यात त्यांच्याभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नायलॉन वॉशर टाका.

पाणी आत येण्याचा मात्र पत्र्याशी संबंध नाही. तो गॅस्केट (दाराच्या कडेची रबरी पट्टी) आणि दाराच्या फिटिंगचा प्रश्न.

नाशिक शहरातल्या साइट, जमिनीवर पाया, आखडतं बजेट: सीआरसीए, प्रीट्रीटमेंट स्वतः बघून. कोकण किनारा किंवा गच्ची: ॲल्युमिनियम. इगतपुरीच्या पावसात, जमिनीवरच बसवायचं असेल, तर मी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या पोलादी) पत्र्यावर पावडर कोटिंग करून घेईन.