ओसीआय कार्ड : व्हिसा म्हणून झकास, नागरिकत्व म्हणून नावापुरतं

आधी नावातली गफलत. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर 'भारताचा परदेशस्थ नागरिक' असं छापलेलं असलं, तरी हा आजन्म, कितीही वेळा ये-जा करू देणारा व्हिसाच आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की १९५५च्या कायद्याच्या कलम ९नुसार भारतीय नागरिकत्व जातं. माणसं गेली, पण त्यांची गुंतवणूक आणि गोतावळा हवा, म्हणून सरकारने २००५ साली ही मधली सोय काढली. मतदानाचा हक्क नाही, सरकारी नोकरी जवळपास नाही. फ्लॅट, दुकान, बँक खातं खुशाल.

अमेरिकेतून नव्या अर्जाचं सरकारी शुल्क २७५ डॉलर, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा म्हणून पाहिलं तर महाग नाही. त्रास आहे तो अर्जात. फोटो चौकोनी, ५१ बाय ५१ मिलिमीटर, पार्श्वभूमी फिकी पण पांढरी नको. स्टुडिओवाले नेमका पांढराच पडदा लावतात. सहीच्या चित्राची रुंदी उंचीच्या तिप्पट हवी. सही न येणाऱ्या बाळाचा अंगठा चालतो.

मराठी अर्ज हमखास अडकतो तो नावात. जुन्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं, आणि परदेशी पासपोर्टवर मधलं नावच गायब! कागदांवर तीन बायका दिसतात. विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला जोडा. भारतीय पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र त्याआधी हातात हवं.

२०२१पासून नूतनीकरणाची कटकट बरीच कमी झाली. विशीच्या आत कार्ड घेतलं असेल, तर वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट निघतो तेव्हा एकदाच कार्ड बदलायचं. त्याआधी प्रत्येक नव्या पासपोर्टवेळी, आणि पन्नाशीनंतर एकदा, पासपोर्ट व फोटो तीन महिन्यांत अपलोड करायचे. त्याला पैसे नाहीत. त्याच वर्षीच्या अधिसूचनेत संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार, एवढंच काय गिर्यारोहणालाही विशेष परवानगीची अट आहे. सह्याद्रीत सुळक्यांवर चढायचा बेत असेल, तर आधी चौकशी केलेली बरी.

शेतजमिनीबाबत सर्वांत जास्त गैरसमज. विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. वारसाहक्काने मात्र मिळते. म्हणजे वडिलांच्या पश्चात तलाठ्याकडे वारसनोंद करून सातबाऱ्यावर नाव लागतं, पण शेजारचा गुंठाभर तुकडा त्याच नावाने जोडून घेता येत नाही.