हत्याराच्या लायसनवाल्यांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आलो, पैसे वसूल झाले, पण गोळ्या झाडायला मिळतील म्हणून जाऊ नका

माझ्याकडं ३२ बोरचं रिव्हॉल्वर आहे, सहा गोळ्यांचं, कानपूर फॅक्टरीचं. हायवेला पेट्रोल पंप आहे, कॅश घेऊन रोज गावातल्या बँकेत जावं लागतं म्हणून अकरा वर्षांखाली लायसन काढलं. तेव्हापासून आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायचं, निवडणूक झाली की परत आणायचं आन कपाटात ठेवायचं, बास. त्याच्यावर खरी वेळ आली तर काय करायचं हे मला अकरा वर्षांत एकानंही शिकवलं नाही आन मीही कुणाला विचारलं नाही.

आपल्या बीड जिल्ह्यात २०२५ ला परवान्यांची छाननी झाली, कित्येकांचे रद्द झाले, कमरेला पिस्तूल लावून रील टाकणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाले, ते सगळं डोळ्यासमोर होतं. त्यात बायकोनं एकदा विचारलं की लग्नात नाहीतर बाजारात कुणी माथेफिरू गोळ्या झाडायला लागला तर तुम्ही काय कराल, मी लगेच म्हणलं मारीन की. ती म्हणाली लेकरं मधी असली तर? मला उत्तर सुचंना. मग मित्रानं संभाजीनगरजवळच्या ह्या ट्रेनिंगचं सांगितलं. एक रिटायर्ड सुभेदार आणि एक रिटायर्ड फौजदार मिळून घेतात, त्यांना जाहिरात नको म्हणून नाव टाकत नाही. फी ४५०० रुपये, दोन टाइम जेवण धरून.

पहिलंच सांगतो, स्वतःचं हत्यार गेटच्या आत नेऊ देत नाहीत. घरीच कुलपात ठेवून या म्हणून आधी दोनदा फोन येतो. आत सगळ्यांना निळी रबराची पिस्तुलं देतात. आमच्या बॅचमधले एक दाजी ह्याच्यावरून लई चिडले, म्हणायले पैसे भरून रबर हातात देता का. मलाही तसंच वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

पहिला दिवस बोलण्याचा. सुभेदार साहेबांनी उगं शौर्याच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, हे मला आवडलं. गर्दीत गोळीबार करायचे प्रकार अमेरिकेत जास्त होतात म्हणून अभ्यासही तिकडचाच. एफबीआयनं, म्हणजे तिकडच्या केंद्राच्या तपास यंत्रणेनं, २००० ते २०१३ मधल्या १६० घटना तपासल्या, त्यात ज्यांचा वेळ नक्की कळला अशा ६३ पैकी ४४ घटना पाच मिनिटांत किंवा त्याच्याआधीच संपल्या होत्या. पाच मिनिटांत आपल्याकडं पोलीस कुठून पोचणार, म्हणजे जे करायचं ते तिथं हजर असलेल्यांनीच. मी सरसावून बसलो, म्हणलं आता आपला नंबर. तर पुढचा आकडा असा की २१ घटनांमध्ये हल्लेखोराला निःशस्त्र माणसांनी आवरलं आन पोलीस नसलेल्या हत्यारबंद माणसानं गोळीबार करून थांबवल्याच्या घटना फक्त ५. त्या पाचातही बरेचसे सिक्युरिटी गार्डच.

दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. २०२२ ला इंडियाना राज्यातल्या एका मॉलमध्ये बावीस वर्षांच्या पोरानं खांबाच्या आडून हल्लेखोराला १५ सेकंदात पाडलं, आणि ते करता करता मागच्या लोकांना हातानं बाहेर निघा म्हणून खुणावत होता. तरी त्या १५ सेकंदांच्या आत तीन जीव गेले होते.

आता दुसऱ्या दिवसाचं. त्याच्यासाठीच हे एवढं लिहायलोय.

बंद पडलेल्या एका मंगल कार्यालयात ड्रिल होतं. खुर्च्या मांडलेल्या, स्पीकरवर मंगलाष्टका, आमच्यातलेच निम्मे वऱ्हाडी. जेवणाच्या बाजूनं कुणीतरी फळीवर फळी आपटली, ठाप ठाप ठाप, आन लोक ओरडत सुटले. खोटं आहे हे माहीत असून माझं तोंड कोरडं पडलं. रबराचं पिस्तूल काढलं तर शर्टातच अडकलं, निघालं तेव्हा समोरून पळणाऱ्या एका शिक्षिका ताईंच्या पाठीवर नळी, मग एका पोरावर, मग परत ताईंवर. तेवढ्यात वाढप्याच्या टेबलापाशी हातात पिस्तूल घेतलेला माणूस दिसला. मी दोनदा ट्रिगर दाबला.

शिट्टी वाजली. टेबलापाशी उभा होता तो हल्लेखोर नव्हताच. त्यानं हल्लेखोराला खाली पाडून पिस्तूल हिसकावून घेतलं होतं, खरा हल्लेखोर त्याच्या पायाशी पडलेला. सगळ्यांना वाचवणाऱ्यालाच मी मारलं. पहिल्या आवाजापासून चाळीस सेकंद झाले होते, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं मला.

सुभेदार साहेब काही रागावले नाहीत. पुढच्या राऊंडला त्यांनी मलाच त्या टेबलापाशी पिस्तूल घेऊन उभं केलं आणि दारातून पोलीस म्हणून तिघांना पाठवलं. तिघांनीही मला मारलं. "मालक, तुमच्या कपाळावर लायसन चिकटवलेलं नसतं," एवढंच म्हणाले. मग खऱ्या घटना सांगितल्या. २०११ ला अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला गोळीबार झाला तेव्हा एक जण खिशात पिस्तूल असताना धावत आला, त्याला हातात पिस्तूल घेतलेला माणूस दिसला, त्यानं स्वतःचं खिशातून बाहेर काढलं नाही म्हणून वाचलं, कारण समोरच्यानं ते हल्लेखोराकडून हिसकावलेलं होतं. आणि २०२१ ला कोलोरॅडोतल्या आर्वाडा गावात एकानं पोलिसाला मारणाऱ्या हल्लेखोराला गोळी घातली, मग त्याची रायफल उचलली, आन तेवढ्यात आलेल्या पोलिसानं त्यालाच मारलं. चांगलं काम करून गेला बिचारा. त्या रात्री मला झोप नाही लागली.

तर त्यांचं शिकवणं असं आहे. आवाज झाला की पहिलं काम तोंडाचं, कोणत्या दारानं निघायचं ते ओरडून सांगा, आपली आणि शेजारची माणसं घेऊन बाहेर पडा. निघता येत नसेल तर खोलीत शिरा, दार लावून टेबल-कपाट आडवं टाका, लाइट बंद, फोन सायलेंट. तेव्हा हत्यार काढायचं आणि त्या दाराकडं रोखून बसायचं, माणसाला शोधत हिंडायचं नाही. ११२ ला फोन लावला तर ठिकाण, हल्लेखोराचे कपडे ह्याच्याबरोबर स्वतःचे कपडेही सांगायचे आन माझ्याकडं लायसनचं हत्यार आहे हेही. अगदी समोरच माणसं पडायली, दुसरा रस्ताच नाही, तर काँक्रीटच्या खांबाआडून, आन मागं कोण आहे ते बघून. प्लायवूडचं पार्टिशन, गाडीचा दरवाजा हे गोळी अडवत नाहीत. संपलं की हत्यार आत, हल्लेखोराच्या हत्याराला हात लावायचा नाही, रिकामे पंजे दिसतील असे हात वर आन पोलीस सांगतील ते गुमान करायचं.

सीएसएमटीचं उदाहरण दिलं तेव्हा सगळे गप झाले. २६ नोव्हेंबर २००८ ला कसाब आणि त्याचा साथीदार खाली गोळ्या झाडत होते आन वर केबिनमधून निवेदक विष्णू झेंडे माइकवर लोकांना मागच्या गेटनं बाहेर पडा म्हणून सांगत राहिले. कितीतरी लोक त्या आवाजानं वाचले.

कायद्याचा तास फौजदार साहेबांनी घेतला, तो जरा भराभर झाला. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची, दुसऱ्याचा जीव वाचवायचाही हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. कलम ४४ मध्ये निष्पाप माणसाला धोका होत असला तरी बचाव करता येतो असं आहे, ते जीवावरच बेतल्यावर आणि दुसरा मार्ग नसल्यावर. माझ्या मते ह्या एका कलमाला पूर्ण तास द्यायला पाहिजे, लोक अर्धंच ऐकून जातात. २०१६ च्या नियमानं हत्यार होल्स्टरमध्येच पाहिजे, चारचौघात दाखवायचं नाही, आन २०१९ च्या दुरुस्तीनं लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडच्या वरातवाल्यांनी हे ऐकायलाच पाहिजे.

तक्रारी पण आहेत. रक्त थांबवायचं फक्त अर्धा तास शिकवलं, जखमेवर उपरणं कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरायचं, १०८ येईपर्यंत सोडायचं नाही. खरं तर हेच जास्त कामाला येणार आहे, गोळीबार नाही झाला तरी हायवेला ॲक्सिडेंट रोजचेच. बॅच सोळाचीच, तरी ड्रिल प्रत्येकाला दोनदाच मिळालं. उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर नव्हता. लायसनला लागणारं सर्टिफिकेट इथं मिळत नाही, ते तसं आधीच सांगतात, त्यामुळं त्याच्यासाठी जाऊ नका. जेवण मात्र झकास, भाकरी-पिठलं, ठेचा.

ते चिडलेले दाजी जाताना स्वतःहून म्हणले की पुढच्या बॅचला पोराला पाठवतो, घरातलं हत्यार उद्या त्याच्याच हातात जाणार.

मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पंपाच्या ऑफिसचं मागचं दार उघडून बघितलं. ऑइलचे खोके रचून ते तीन वर्षांपासून बंदच होतं, कडी गंजून बसलेली. पोरांना घेऊन खोके हलवले, कडी घासून तेल घातलं आणि प्रत्येकाला त्या दारानं एकदा पळत बाहेर जायला लावलं.