फ्लॅटलाफ वापरून पाहिलं : एका ओळीत सगळ्या खिडक्यांचा फॉन्ट

डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाला मी जावा स्विंगमध्ये (जावात खिडक्या-बटणं बनवायचं साधन) पुस्तक-देवघेवीचं सॉफ्टवेअर करून दिलं आहे. तिथल्या ग्रंथपाल मावशींना पडद्यावरचा 'ष्ट' कुठला नि 'ष्ठ' कुठला, ते कळेनासं झालं. चवथीच्या आधी त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं, "बाबा, अक्षर मोठं करून दे."

मी मुख्य पॅनलला सेटफॉन्ट दिला. आतलं काहीच हललं नाही. स्विंगमध्ये घटकाला स्वतःचा फॉन्ट नसेल तरच तो पेरेंटचा, म्हणजे ज्याच्या आत तो बसलाय त्याचा, घेतो, आणि लेबल असो वा बटण, प्रत्येक जण तयार होतानाच लुक अँड फीलकडून (पडद्याचं रूप ठरवणाऱ्या भागाकडून) फॉन्ट घेऊन येतो. मग गेटकंपोनंट्स (आतल्या घटकांची यादी देणारी आज्ञा) वापरून आत आत उतरणारं रिकर्सिव्ह फंक्शन लिहिलं. पॅनल, त्यात टॅब, त्यात स्क्रोलपेन, सगळीकडे ते पोचलं. पण मेनू उघडला तर आतल्या ओळी बारीकच. जेमेनूच्या नोंदी त्याच्या पॉपअपमध्ये असतात, गेटकंपोनंट्सच्या यादीत येत नाहीत. 'सभासदाची माहिती' हे चौकटीवरचं शीर्षकही तसंच राहिलं, कारण टायटल्ड बॉर्डर हा कंपोनंटच नव्हे. आणि जेऑप्शनपेनचे डायलॉग नंतर उघडतात, ते माझ्या फंक्शनला दिसणार कसे? तीन रात्री यातच गेल्या.

शेवटी फ्लॅटलाफ जोडलं. हे स्विंगसाठीचं मुक्तस्रोत लुक अँड फील आहे, अपाचे 2.0 परवान्याचं, जावा 8 पासून पुढे चालणारं. यूआयमॅनेजरमध्ये (लुक अँड फीलच्या नोंदी जिथे असतात तिथे) 'डिफॉल्टफॉन्ट' या एकाच कीखाली, म्हणजे नावाखाली, नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट ठेवला, रूप नव्याने लावणारं फ्लॅटलाफचं अपडेटयूआय बोलावलं, आणि उघड्या खिडक्या मेनूसकट बदलल्या. बॉर्डरची शीर्षकं बदलली, पुढे उघडणारे डायलॉगही मोठ्या अक्षरांत आले. मला खरोखर भरून आलं. (फॉन्टची फाइल जारमध्येच (प्रोग्रामच्या फाइलमध्येच) टाका आणि सुरुवातीला रजिस्टर करा, वाचनालयाच्या संगणकावर तो फॉन्ट असेलच असं नाही.)

एक गोष्ट आधी समजून घ्या. आपण सेटफॉन्टने साधा फॉन्ट दिला असेल, तर त्या घटकाला ते हात लावत नाही. फॉन्टयूआयरिसोर्स, म्हणजे लुक अँड फीलकडून आलेला फॉन्ट, असेल तरच बदलतं. मला हे योग्यच वाटतं, प्रोग्रामरने मुद्दाम दिलेलं कुणी पुसू नये. पण माझ्या जुन्या कोडमध्ये शीर्षकांवर असे कितीतरी सेटफॉन्ट होते. ते काढून स्टाइलक्लासचे (फ्लॅटलाफच्या तयार शैलींचे) 'एच2', 'लार्ज' लावले. आता मूळ फॉन्ट वाढला की शीर्षकंही वाढतात.

तक्त्याचं काम मात्र हातानेच करावं लागलं. ओळीची उंची मी पूर्वी आकड्यात लिहून ठेवली होती, त्यामुळे मोठ्या अक्षरांच्या वेलांट्या वरून कापल्या गेल्या. आता तक्त्याचं अपडेटयूआय ओव्हरराइड करून उंची फॉन्टमेट्रिक्सवरून (फॉन्टच्या मापांवरून) मोजतो.

स्विंगवर अजून काम करणाऱ्या प्रत्येकाने हे जोडावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. फॉन्टचा आकार मी ज्या त्या संगणकावरच साठवतो. मावशींच्या टेबलावर तो 20 आहे, सायंकाळी बसणाऱ्या मुलीच्या संगणकावर 14.