वापरलेली क्रेटा: वर्ष कोणते पाहावे आणि कसे पाहावे

ठाणे आणि नवी मुंबईच्या बाजारात वापरलेली एसयूव्ही शोधताना विक्रेता आणि ग्राहक दोघेही पहिल्या दोन वाक्यांत वर्ष आणि किलोमीटर बोलून मोकळे होतात, आणि एका वर्षाने नवी असलेली गाडी तेवढ्याच कारणाने चांगली ठरते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ह्युंदाई क्रेटाची पहिल्या पिढीची, १.६ लिटर डिझेल इंजिनाची आणि मॅन्युअल गिअरची गाडी घेतली. ती शोधताना जे तपासले आणि त्यानंतर नेरूळ ते वागळे इस्टेट असा रोजचा प्रवास करताना जे अनुभवले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की एखादे इंजिन आणि गिअरबॉक्स काही वर्षे न बदलता बनत राहिलेले असतात, तेव्हा त्या काळाच्या शेवटच्या टप्प्यातील गाडी निवडावी. नुसते नवे वर्ष पाहून निवड करू नये.

क्रेटाच्या बाबतीत हा हिशेब स्पष्टपणे मांडता येतो. जुलै २०१५ मध्ये ही गाडी भारतात आली. मे २०१८ मध्ये तिचा चेहरा बदलला, वरच्या श्रेणीत सनरूफ आले, आतील सोयी वाढल्या; मात्र १.४ आणि १.६ लिटरची डिझेल इंजिने आणि १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन तीच राहिली. मार्च २०२० मध्ये दुसरी पिढी आली आणि तिच्यासोबत इंजिनांचा सगळा संचच बदलला. म्हणजे २०१८च्या मध्यापासून २०१९च्या अखेरपर्यंत बनलेल्या गाडीत अंगावरचे कपडे नवे असले तरी आतील यंत्र तीन-चार वर्षे रस्त्यावर तावूनसुलाखून निघालेले आहे. सुटे भाग सहज मिळतात आणि बाहेरच्या गॅरेजमधील कारागिरांनाही या इंजिनाची सवय झालेली आहे. १.६ लिटरच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरनंतर बेल्ट बदलण्याचा खर्चही येत नाही. मी याच टप्प्यातील गाडी शोधली.

येथे एक गोष्ट फार काळजीपूर्वक पाहावी लागते. जाहिरातीत लिहिलेले वर्ष बहुधा नोंदणीचे असते, निर्मितीचे नसते. माझी गाडी मला '२०१९ची' म्हणून दाखवली गेली. आरसीवर निर्मितीचा महिना नोव्हेंबर २०१८ होता आणि पासिंग जानेवारी २०१९चे होते. यांत्रिकदृष्ट्या काहीच फरक पडत नव्हता, म्हणून मी ती नाकारली नाही, पण किमतीची बोलणी २०१८च्या हिशेबाने केली आणि विक्रेत्यालाही ते मान्य करावे लागले. अनेक कंपन्यांच्या चेसिस क्रमांकातील दहावे अक्षर वर्ष सांगते, २०१८साठी जे, २०१९साठी के आणि २०२०साठी एल. तरीही आरसीवरील नोंद हाच अधिक भक्कम आधार मानावा. ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाड्यांची, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे जुने निकष पाळणाऱ्या गाड्यांची, नोंदणी बंद होणार होती, त्यामुळे त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पासिंग झालेल्या बीएस-४ गाड्यांत आदल्या वर्षी बनून पडून राहिलेला माल असण्याची शक्यता बरीच असते. त्या मुदतीपूर्वीची गाडी '२०२०ची' म्हणून समोर आली, तर निर्मितीचा महिना पाहिल्याशिवाय भावावर बोलूच नये.

२०१९ हे वर्ष तर नियमांच्या दृष्टीने सलग एक नाहीच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा क्रमांकपाटीसह येऊ लागल्या. त्याआधीच्या गाडीला ती वेगळी बसवून घ्यावी लागते आणि मलाही ती घ्यावी लागली. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही आसनांना सीटबेल्टची सूचना, मागे पार्किंग सेन्सर आणि ताशी ८० व १२० किलोमीटरला वाजणारी वेगाची सूचना सर्व नव्या प्रवासी गाड्यांना सक्तीची झाली. वरच्या श्रेणीच्या गाडीत यांपैकी बरेच काही आधीपासूनच असते, पण खालच्या श्रेणीची गाडी घेणाऱ्याने जूनमधील आणि ऑगस्टमधील निर्मिती एकसारखी समजू नये. टाटा नेक्सॉनचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिला ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाडी आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या, चाचणीत चार तारे मिळाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुधारित नेक्सॉनला पाच मिळाले. एकाच मॉडेल वर्षातील दोन गाड्यांत इतके अंतर असू शकते.

मग २०२० नंतरचे डिझेल का घेतले नाही, असे मला अनेकांनी विचारले. याचे उत्तर माझ्या रोजच्या रस्त्यात आहे. एप्रिल २०२०पासूनच्या नव्या निकषांच्या, म्हणजे बीएस-६ डिझेल गाडीच्या धूरनळीत काजळी पकडणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ असते. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. सकाळी ठाणे-बेलापूर रोडने दिघ्यापर्यंत आल्यावर विटावा आणि कळव्याच्या पुलापाशी जी रांग लागते, तीत हे शक्य होत नाही. जळण्याची प्रक्रिया मध्येच तुटत राहिली की काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि त्याची पातळी वाढते. म्हणून २०२०-२१चे डिझेल पाहणाऱ्याने सपाट जागी इंजिन बंद करून डिपस्टिक जरूर काढून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली असेल, तर त्या गाडीचे आयुष्य छोट्या, तुटक फेऱ्यांत गेले आहे असे समजावे. पुणे किंवा नाशिकला नियमित जाणाऱ्याला हीच गाडी वर्षानुवर्षे त्रास देणार नाही. माझ्या बीएस-४ इंजिनाला ही गाळणी नाही आणि शहरातील संथ वाहतूक ते निमूटपणे सोसते. प्रदूषण बीएस-६पेक्षा अधिक होते, हे त्याचे मोल आहे आणि ते मला मान्य आहे.

वर्षाइतकीच गाडीची वस्ती महत्त्वाची आहे. जुलै २०१९च्या अखेरीस उल्हास नदीला पूर आला, बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याणच्या सखल भागांत पाणी शिरले आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. त्या सुमारास तेथे उभी असलेली २०१८ किंवा २०१९ची गाडी आज एमएच-४३ (नवी मुंबई) किंवा एमएच-४६ (पनवेल) भागात विक्रीला येऊ शकते आणि तिचे वर्ष कागदावर निर्दोषच दिसते. मी प्रत्येक गाडीचे चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहत असे, कारण धुऊन-पुसून चकाचक केलेल्या गाडीतही बेल्टच्या गुंडाळीत आत गेलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातील बारीक गाळ आणि डॅशबोर्डखालच्या जोडण्यांवरचा हिरवट थर याही खुणा पाहाव्यात. खारघरमध्ये पाहिलेली एक गाडी मी केवळ बेल्टवरील डागामुळे सोडली, जरी तिचे किलोमीटर माझ्या गाडीपेक्षा बरेच कमी होते.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. पहिले मालक घोडबंदर रोडला राहत आणि रोज अंधेरीला जात, म्हणजे क्लचवर पाय ठेवून काढलेली वर्षे. पेडल जड लागत होते आणि क्लच बराच वर आल्यावर पकडत होता. त्यामुळे क्लच प्लेट लवकरच बदलावी लागेल हे धरूनच मी भाव ठरवला होता आणि दिवाळीपूर्वी तो संच बदलून घेतला. पुढच्या चाकांचे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुशही त्याच वेळी बदलले. सात वर्षांच्या गाडीत रबराचे भाग जाणारच, मग ती कोणत्याही कंपनीची असो. इंजिनाला आजवर ऑइल, फिल्टर आणि एकदा बॅटरी यापलीकडे काही लागलेले नाही. शहरात लिटरला साधारण तेरा-चौदा आणि मुंबई-गोवा महामार्गाने संगमेश्वरकडे गावी जाताना सतरा-अठरा किलोमीटर पडतात. कशेडीच्या बोगद्यापर्यंतच्या चढावर, पाच माणसे आणि सामान असतानाही चौथ्या गिअरमध्ये गाडी कुरकुरत नाही. २६० न्यूटन मीटर टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढण्याच्या ताकदीचा, अर्थ तेथे कळतो. मागच्या आसनावर माझ्या आईला खड्ड्यांचे धक्के कमी वेगात थोडे जाणवतात, एवढी एकच तक्रार घरातून आली आहे.

कळव्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला आता अशीच गाडी हवी आहे, पण पेट्रोल आणि ऑटोमॅटिक. तिच्यासाठी मी माझे वर्ष सुचवलेले नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि क्रेटा २०२३च्या सुरुवातीच्या बदलांत त्या इंधनासाठी तयार झाली, शिवाय सहा एअरबॅगही सर्व श्रेणींत आल्या. १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनासोबतचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी वगळायला सांगितला, कारण त्यातील कोरड्या क्लचची जोडी रांगत्या वाहतुकीत तापते. विटावा-कळव्याच्या रांगेत १.५ लिटर पेट्रोल आणि सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक, हेच बरे. मात्र फेब्रुवारी ते जून २०२३ या काळात बनलेल्या साडेसात हजारांहून अधिक सीव्हीटी क्रेटा आणि व्हर्ना गाड्या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑइल पंपाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झालेली गाडी घ्यायला हरकत नाही. चेसिस क्रमांक दिला की अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ते झाले आहे की नाही हे कळते. आमच्या समोर सध्या दोन गाड्या आहेत, एक मे २०२३ची आणि एक सप्टेंबर २०२३ची. दोघींचे पासिंग ठाण्याचेच आहे आणि मे महिन्याच्या गाडीचा क्रमांक तपासायला दिलेला आहे.