लाकडी झिलमिलीच्या झडपा : मिटणाऱ्या आणि नुसत्या टांगलेल्या

गेल्या चार वर्षांत लाकडी झिलमिलीच्या, म्हणजे तिरक्या आडव्या पात्यांच्या, झडपा निवडण्याचे काम माझ्याकडे दोनदा आले. पहिल्यांदा स्वतःच्या घराच्या सहा खिडक्यांसाठी, आणि नंतर एका जुन्या वाचनालयाच्या इमारतीसाठी, जिच्या दुरुस्तीची देखरेख मी काही महिने करीत होतो. पहिल्या खेपेस मी रंगाचा नमुना आणि पात्यांची रुंदी पाहून मागणी नोंदवली आणि मोकळा झालो. दुसऱ्या खेपेस मात्र झडप उलटीसुलटी करून पाहिली, तिचे कोपरे हलवून पाहिले आणि ती खिडकीत मिटवून दाखवल्याखेरीज ताब्यात घेणार नाही, असे आधीच सांगून ठेवले.

हा शहाणपणा एका चुकलेल्या जोडीने शिकवला. मिटलेल्या झडपेची पाती आतून बाहेर उतरती असावी लागतात, म्हणजे पावसाचे पाणी एका पात्यावरून दुसऱ्यावर टपकत बाहेरच्या बाहेर निथळून जाते. घरासाठी आलेल्या सहा जोड्यांपैकी एका जोडीत हा उतार नेमका उलटा होता. टांगताना तो ना मिस्त्रीच्या लक्षात आला, ना माझ्या. पहिल्या जोराच्या पावसात सगळे पाणी आत वळून काच आणि झडप यांच्यामध्ये साचले, तेव्हा कळले. कारखान्याचे म्हणणे असे की, झडपा खालीवर फिरवा आणि डावी उजवीकडे लावा. त्याने उतार सुधारला असता हे खरे. पण खालची मुद्दाम रुंद ठेवलेली आडपट्टी वर गेली असती, वरच्या टोकावर ठोकलेली तांब्याची टोपी खाली आली असती आणि मधली आडपट्टी शेजारच्या खिडक्यांच्या ओळीत राहिली नसती. बऱ्याच पत्रापत्रीनंतर ती जोडी बदलून मिळाली.

तेव्हापासून कोठेही झिलमिली दिसली की मी आधी उतार पाहतो, आणि हा नाद काहीसा त्रासदायकच आहे. झडप उघडून भिंतीला टेकवली की तिची आतली बाजू पाहणाऱ्यासमोर येते, त्यामुळे उघड्या झडपेची पाती भिंतीच्या दिशेने उतरताना दिसली पाहिजेत. शोभेसाठी भिंतीवर स्क्रूने आवळलेल्या झडपांमध्ये बहुतेक वेळा याच्या उलट दिसते. ती झडप कधी मिटायचीच नसल्यामुळे ती मिटल्यावर पाणी कोणीकडे जाईल, याचा विचार कोणी केलेला नसतो.

मापाचेही तसेच आहे. दोन झडपांची जोडी असेल तर प्रत्येक झडप खिडकीच्या गाळ्याच्या निम्म्या रुंदीची असली पाहिजे. 1200 मिलिमीटर रुंद खिडकीच्या दोन्ही बाजूंना 350 मिलिमीटरच्या झडपा लावल्या, तर हिशेब ठाऊक नसलेल्या माणसालाही त्या दृश्यात काहीतरी खोटे असल्याचे जाणवते. दोन झडपा जेथे भेटतात तेथे एकीने दुसरीवर बसण्यासाठी खाच हवी, आणि त्या खाचेइतकी रुंदी हिशेबात धरायला हवी. बिजागरीच्या बाजूला साधारण 3 मिलिमीटरची मोकळीक मला पुरेशी वाटली; त्याहून कमी ठेवल्यास रंगाचा दुसरा थर चढला की झडप घासू लागते. माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी आणि कर्णही मोजावेत. वाचनालयाच्या एका खिडकीची रुंदी वर आणि खाली यांत 14 मिलिमीटरांचा फरक निघाला. तेथे काटकोनातली झडप बसवून एका बाजूला फट ठेवायची, की झडपच खिडकीसारखी किंचित तिरकी करायची, असा प्रश्न होता. सुताराने दुसरा मार्ग घेतला, आणि आज ती झडप शेजारच्या झडपांहून वेगळी आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

स्थिर पाती की फिरती पाती, यावर दुकानात खूप बोलले जाते. माझे मत मात्र थोडक्यात सांगता येईल. बाहेरच्या बाजूला स्थिर, आतल्या बाजूला फिरती. स्थिर पात्याची टोके उभ्या पट्टीत कोरलेल्या खाचांत घट्ट बसतात आणि सगळ्या झडपेला बळकटी देतात. फिरत्या पात्याच्या दोन्ही टोकांना गोल खुंट्या असतात आणि सगळी पाती एका उभ्या काठीला बारीक तारेच्या कड्यांनी जोडलेली असतात. घरातल्या एका झडपेत त्या कड्या केवळ पिनांसारख्या मारलेल्या होत्या. सहा महिन्यांत चार पाती काठीपासून सुटली आणि झडप दात पडलेल्या तोंडासारखी दिसू लागली. बाहेरच्या फिरत्या पात्यांचा दुसरा शत्रू म्हणजे रंग. खुंटीच्या सांध्यात रंग उतरला की पाते जागच्या जागी चिकटते, आणि ते जोराने फिरवू गेले की खुंटी मोडते. म्हणून फिरत्या झडपा रंगवायच्या झाल्यास थर पातळ द्यावेत आणि रंग वाळेपर्यंत पाती अधूनमधून हलवत राहावीत.

आतल्या झडपांसाठी 64, 89 आणि 114 मिलिमीटर रुंदीची पाती सर्रास मिळतात. रुंद पात्यांमधून बाहेरचे दृश्य अधिक मोकळे दिसते आणि पुसायची पातीही कमी होतात. परंतु जुन्या, लहान तावदानांच्या खिडकीत 114 मिलिमीटरची पाती बोजड दिसतात. उन्हापासून बचाव हा मुख्य हेतू असेल तर आतल्या झडपेकडून फार अपेक्षा ठेवू नये, कारण ऊन काच ओलांडून आत आल्यावर ती ते अडवते आणि उष्णता खोलीतच राहते. बाहेरची झडप ऊन काचेपर्यंत पोचूच देत नाही. माझ्या घरातल्या पश्चिमेच्या खोलीत दुपारी पंखा कमी लागतो तो या बाहेरच्या झडपेमुळेच.

लाकडाची जात निवडताना विक्रेते टिकाऊपणाबद्दल बोलतात, वजनाबद्दल बोलत नाहीत. साग घनमीटरला सुमारे 650 किलो भरतो, तर वेस्टर्न रेड सीडर सुमारे 370 किलो. दोन्ही लाकडांचा गाभा कुजण्याला सहजी दाद देत नाही. पण उंच खिडकीवर सागाची झडप लावायची, तर बिजागरी आणि ती धरणारी भिंत यांच्यावर जवळजवळ दुप्पट भार येतो. उलट सीडर इतके मऊ असते की नखानेही ओरखडा उठतो, आणि त्यात स्क्रूची पकडही सागाइतकी राहत नाही. अॅसिटिलीकरण ही रासायनिक प्रक्रिया केलेले पाइन हा तिसरा पर्याय. या प्रक्रियेने लाकडाची पाणी शोषण्याची प्रवृत्तीच कमी होते, त्यामुळे ते कमी फुगते आणि त्यावर रंगही जास्त काळ टिकतो. नव्या घरासाठी ते मी विनासंकोच सुचवीन. जात कोणतीही असो, कडेचे फिकट, कोवळे लाकूड पात्यांमध्ये आलेले नाही ना, हे पाहावे. कारण सागाच्या नावावर विकलेल्या झडपेत तेवढाच भाग प्रथम कुजतो.

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. आकसते ते रुंदीत, आणि वाढीच्या वलयांना समांतर दिशेने ते वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट आकसते. पाते वर्षानुवर्षे सरळ राहील की वाकेल, हे फळी कशी कापली आहे त्यावर ठरते. पाते हातात धरून त्याच्या टोकाकडे पाहावे : वलयांच्या रेषा पृष्ठभागाला जवळपास काटकोनात असतील, तर ते पाते सहसा पिळवटत नाही.

खरी परीक्षा सांध्याची. साल (खाच) आणि कुसू (तिच्यात बसणारे टोक) यांचा सांधा, त्यात आडवी लाकडी खुंटी, हीच बाहेरच्या झडपेची जुनी आणि आजही सर्वोत्तम रीत आहे. स्वस्त झडपांत उभ्या आणि आडव्या पट्ट्या दोन गोल खुंट्या आणि सरसावर जोडलेल्या असतात. बाहेरून पाहता दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून मी झडप एका कोपऱ्यावर उभी करून समोरच्या कोपऱ्यावर तळहाताने दाब देतो; चांगली झडप एकसंध फळीसारखी राहते, कच्ची झडप कुरकुरते. त्यानंतर खालची कड पाहावी. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोके तेथे उघडी असतात, आणि लाकूड पाणी पिते ते याच टोकांतून. घरासाठी आलेल्या सहा जोड्यांपैकी चार जोड्यांच्या या टोकांना रंगाचा स्पर्शही झालेला नव्हता, कारण रंगवताना त्या त्याच कडेवर उभ्या केलेल्या होत्या. वरच्या टोकांवर तांब्याच्या पत्र्याची टोपी असली की निम्मी काळजी मिटते. सीडर आणि ओक यांच्यातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे साध्या लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग उमटतात, म्हणून तेथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत.

पीव्हीसीच्या झडपांचा विचार मी केला होता, हे कबूल करतो. त्यांना वाळवी लागत नाही आणि रंगही लागत नाही. पण पीव्हीसी उष्णतेने लाकडाच्या लांबीच्या दिशेपेक्षा दहापटीहून अधिक प्रसरण पावते, गडद रंगाची झडप भर उन्हात मऊ पडून झोल धरू शकते, आणि तिचे एक पाते मोडले तर बहुधा सगळी झडपच टाकून द्यावी लागते. लाकडी झडपेत सुतार तेवढेच पाते बदलून देतो.

ऐतिहासिक इमारतीत निवडीची सुरुवात दुकानातून करू नये, भिंतीपासून करावी. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे की, जीर्णोद्धार अंदाज सुरू होतो तेथे थांबला पाहिजे, आणि नव्याने बसवलेले भाग एकूण रचनेशी जुळणारे असले तरी मूळ भागांहून ओळखता आले पाहिजेत. वाचनालयात आम्हाला खिडक्यांच्या कडेला चुन्याने बुजवलेली, झडपा ज्यांवर टांगतात ते लोखंडी खिळे बसवण्याची भोके सापडली, चौकटीवर बिजागरीच्या आकाराचे रंगाचे ठसे सापडले आणि माळ्यावर तीन मोडक्या झडपाही मिळाल्या. त्या तीन झडपांवरून पात्यांची रुंदी, मधल्या आडपट्टीची उंची आणि हिरव्या रंगाचा सर्वांत खालचा थर कळला. रंगाचे थर तपासताना त्या कोरड्या सँडपेपरने घासू दिल्या नाहीत, कारण जुन्या रंगात शिसे असण्याचा धोका असतो; अमेरिकेतसुद्धा घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली ती 1978 मध्ये.

त्या तिन्हींपैकी दोन झडपा दुरुस्त झाल्या. कुजलेला खालचा भाग तिरका कापून तेथे त्याच जातीचे नवे लाकूड सांधले, सात पाती बदलली आणि नव्या पात्यांच्या आतल्या बाजूस, सहज दिसणार नाही अशा जागी, वर्ष कोरले. नव्या झडपा जुन्यांच्या मापाने करून घेतल्या. त्या भिंतीतल्या खिळ्यांवरून उचलून काढता येतात, त्यामुळे दर काही वर्षांनी रंगासाठी शिडीवर लटकावे लागत नाही. उघड्या असताना वाऱ्याने आपटू नयेत म्हणून भिंतीत फिरती लोखंडी अडणी बसवली. इमारतीच्या उत्तरेच्या दोन खिडक्यांना मात्र ना भोके सापडली ना ठसे. चारही बाजू सारख्या दिसाव्यात असा काहींचा आग्रह होता आणि कारखान्याने त्या दोन जोड्यांचे मोजमापही घेतले होते, तरी त्या खिडक्या आम्ही झडपांविना ठेवल्या.