इलेक्ट्रिक गाडीने आल्प्सच्या तळ्यांवरून ट्यूबिंगनला : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पत्नीची ट्यूबिंगन विद्यापीठात संशोधनासाठी नेमणूक झाल्यापासून म्युनिक ते ट्यूबिंगन हा प्रवास आमच्या घरात नेहमीचा झाला आहे. त्यासाठी मासिक वर्गणीवर एक मध्यम आकाराची इलेक्ट्रिक हॅचबॅक घेतली. वर्गणीत विमा, कर, सर्व्हिसिंग आणि हिवाळी टायर हे सगळे धरलेले आहे आणि महिन्याला ठराविक किलोमीटरची मर्यादा आहे. बॅटरी ५८ युनिटची (किलोवॉट-तास म्हणण्यापेक्षा आपल्या वीजबिलातला हा शब्द सोयीचा), आणि कागदावरचा पल्ला चारशे किलोमीटरच्या थोडा वर. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या वर्गातल्या कोणत्याही गाडीला लागू पडतील आणि तक्रारींचा भाग एकाच कंपनीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

ट्यूबिंगनला जाण्याचे दोन मार्ग आम्ही वापरतो. सरळ मार्ग ऊल्मवरून जाणाऱ्या आठ क्रमांकाच्या ऑटोबानचा (द्रुतगती महामार्गाचा), सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. दुसरा मार्ग दुपटीहून लांब आहे : कोखेलझे, वाल्शेनझे, आइबझे, प्लानझे, फोर्गेनझे अशी एकेक तळी घेत लिंडाऊला बोडनझेच्या काठावर उतरायचे आणि तिथून सिग्मारिंगन, हेशिंगन करत नेकर नदीच्या खोऱ्यात शिरायचे. सुट्टी जोडून आली की हाच मार्ग धरतो, वाटेत एक किंवा दोन मुक्काम करतो. गाडी घेण्यापूर्वी ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांनी एकच भीती घातली होती, की ऑटोबानवर ही गाडी ठीक चालेल, पण डोंगरात बॅटरी बघता बघता संपेल. प्रत्यक्षात अनुभव नेमका उलटा आला. ऑटोबानवर १३०च्या वेगाने गाडी शंभर किलोमीटरला २२ ते २३ युनिट खाते आणि कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त, त्यामुळे सरळ मार्गावर मध्ये एकदा तरी चार्जिंगला थांबावेच लागते. तळ्यांच्या मार्गावर वेग क्वचितच ८०च्या पुढे जातो आणि सगळे घाट धरूनही सरासरी १४ ते १५ युनिटांवर राहते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेत शिकलेले असते; त्याचा हिशेब गाडीच्या पडद्यावर रोज पाहिल्यावर ते खऱ्या अर्थाने कळते.

केसेलबर्गच्या घाटाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या गाडीचा स्वभाव मला तिथे समजला. कोखेलझे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, वाल्शेनझे सुमारे ८०० मीटरवर, आणि दोन्हींच्या मधली खिंड ८५८ मीटरवर. चार माणसे आणि सामान धरून आमची गाडी दोन टनांच्या जवळपास जाते. एवढे वजन अडीचशे मीटर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राप्रमाणे सव्वा ते दीड युनिट लागते; चाकांचे घर्षण आणि हवा धरून बॅटरीचा आकडा चढताना साडेतीन टक्क्यांनी खाली येतो. परतीच्या वेळी त्याच वळणांवरून उतरताना तो घटत तर नाहीच, उलट जवळजवळ एक टक्क्याने वाढतो. म्हणजे उताराचे ते सहा-सात किलोमीटर फुकट पडतात आणि वर थोडी वीजही हाती लागते. चढ आणि उतार मिळून जी सरासरी निघते ती सपाट रस्त्यावरच्या मंद प्रवासाएवढीच असते. घाटाचा खर्च भीतीपोटी फार मोठा धरला जातो, तो इतकाच आहे.

याच दोन तळ्यांमधल्या दोनशे मीटरच्या फरकावर १९२४ पासून वाल्शेनझेचे जलविद्युत केंद्र चालते. म्युनिकच्या प्रसिद्ध विज्ञान संग्रहालयाचे संस्थापक ओस्कार फॉन मिलर हेच या प्रकल्पामागचे अभियंते. डोंगराच्या उतारावरून सहा जाड नळ कोखेलझेच्या काठावरच्या यंत्रघरात उतरताना दिसतात. आत आठ टर्बाइन आहेत, त्यांपैकी चार रेल्वेच्या वेगळ्या वारंवारतेची वीज बनवतात, आणि एकूण क्षमता १२४ मेगावॉट आहे. लोणावळ्याच्या तळ्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीज काढली, ती व्यवस्था पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटत नाही. यंत्रघराशेजारचे माहिती केंद्र अवश्य पाहावे. घाट उतरताना आपली गाडी चाकांच्या फिरण्यातून वीज बनवून तेच काम छोट्या प्रमाणावर करत असते, आणि तिथे जाऊन आल्यावर परत येणारी वीज दाखवणाऱ्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे मी जास्त आदराने पाहू लागलो.

उताराच्या या विजेबद्दल तीन गोष्टी मात्र विक्रेते सांगत नाहीत. पहिली गोष्ट आईमुळे कळली. आई-बाबा सांगलीहून आले होते तेव्हा मी मोठ्या हौसेने एकाच पेडलवर गाडी चालवत होतो, म्हणजे पाय उचलला की गाडी आपोआप जोरात मंदावते, ब्रेकला पाय लावावाच लागत नाही. चालवणाऱ्याला यात मजा येते, पण मागे बसणाऱ्याला प्रत्येक वळणावर पुढे-मागे हेलकावे बसतात. आईला एरवीही घाटात गाडी लागते. आइबझेला पोहोचेपर्यंत तिने आवळासुपारीची डबी रिकामी केली होती. तेव्हापासून माणसे बरोबर असली की मंदावण्याची पातळी मी सर्वांत खालच्या पायरीवर ठेवतो आणि ब्रेकच वापरतो. हलक्या दाबाला तोही आधी वीजच परत घेतो, त्यामुळे नुकसान काही होत नाही.

दुसरी गोष्ट, बॅटरी पूर्ण भरलेली असली तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. ओबरयोख हे गाव घाटाच्या माथ्यावर आहे. तिथल्या मुक्कामात रात्रभर चार्जिंग करून सकाळी पूर्ण भरलेल्या गाडीने बाड हिंडेलांगच्या बाजूला उतरायला लागलो, की सुरुवातीच्या वळणांवर पाय उचलूनही गाडी मंदावत नाही आणि नेहमीच्या ब्रेकवर भिस्त ठेवावी लागते. त्या घाटातली वळणे शंभराहून अधिक असल्याचे सांगितले जाते, तेव्हा सवय मोडलेल्या पायाला हे चांगलेच जाणवते. डोंगरावर मुक्काम असेल तर चार्जिंगची मर्यादा ८५ टक्क्यांवर ठेवावी. तिसरी गोष्ट थंडीची : रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गार बॅटरीला जोराचे चार्जिंग मानवत नाही, मग ते चार्जिंगच्या खांबावरचे असो की उतारावरचे, त्यामुळे हिवाळ्यात पहिले काही किलोमीटर हीच अडचण येते. ब्रेक क्वचितच लागत असल्यामुळे त्यांच्या तबकड्यांवर गंजही चढतो. अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर ते मुद्दाम जोरात दाबावे लागतात.

आता चार्जिंगच्या व्यवस्थेबद्दल, कारण खरा त्रास तिथे आहे. ऑटोबानवर खांबांची रांग असते आणि वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. तळ्यांच्या काठी मात्र बहुतेक ठिकाणी संथ चार्जिंगचे दोन-चार खांब असतात, आणि उन्हाळ्यातल्या रविवारी ते पार्किंगची जागा म्हणूनच व्यापलेले असतात. केबल लावायची, पोहायला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असा सर्रास प्रकार चालतो. चार तासांनंतर मिनिटावर जादा आकार लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, तिचाही फारसा धाक दिसत नाही. दरांचा गोंधळ त्याहून मोठा. एकाच खांबावर एका चार्जिंग कंपनीच्या कार्डाने युनिटला ५० सेंट पडतात आणि दुसऱ्याने ८०च्या जवळ. ऑस्ट्रियात शिरल्यावर काही ठिकाणी युनिटाऐवजी मिनिटांवर पैसे मोजावे लागले. एकदा माझ्याकडच्या एका कार्डाने खांब सुरूच होईना, आणि मदतकेंद्राच्या बाईंनी दुसऱ्याच गावातला खांब दुरून चालू करून दिला. तेव्हापासून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे आणि एक साधे बँक कार्ड असे तिन्ही खिशात असते. यावर आम्हाला सापडलेला उपाय साधा आहे : मुक्कामाचे ठिकाण निवडताना न्याहारीच्या सोयीआधी चार्जिंगची सोय पाहायची आणि दिवसा तळ्याकाठी गाडी फक्त उभी करायची.

मार्गातला सर्वांत उत्तम तुकडा विचाराल तर एटालवरून लिंडरहोफच्या राजवाड्याकडे वळून सीमा ओलांडत प्लानझेला उतरणारा रस्ता. जंगल संपते आणि तळ्याचे हिरवे पाणी एकदम उजेडात येते. पुढे रॉयटे गावाकडे जाताना बराच वेळ रस्ता पाण्याला खेटून जातो. या रस्त्याला ऑस्ट्रियाचा महामार्ग-कराचा स्टिकर लागत नाही, हे आधी माहीत असलेले बरे. गाडीच्या शांततेचे मोल मला इथे जाणवले; काचा खाली करून संथ चालवले की टायरचा आवाज आणि पाण्याचा आवाज, एवढेच ऐकू येते. फ्युसनजवळचे फोर्गेनझे पाहायचे तर ऋतू पाहून जावे. लेश नदीवर धरण बांधून १९५४ मध्ये तयार झालेला हा जलाशय हिवाळ्यात रिकामा केला जातो, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथे तळ्याऐवजी मैलभर पसरलेला राखाडी गाळ दिसतो. मला स्वतःला तो गाळही आवडला, कारण पाण्याखाली गेलेल्या वस्तीच्या आणि जुन्या रोमन रस्त्याच्या खुणा तेव्हाच पाहता येतात. पण पाहुण्यांना नेऊन त्यांचा विरस झालेलाही पाहिला आहे.

लिंडाऊ ते मेअर्सबुर्ग हा बोडनझेच्या काठचा तुकडा मात्र नकाशावर जितका मोहक दिसतो तितकाच प्रत्यक्षात कंटाळवाणा आहे. ५३६ चौरस किलोमीटरच्या त्या सरोवराच्या उत्तर काठावरची सगळी वाहतूक एकाच रस्त्यावर येते आणि शनिवारी तर ट्रक, कॅराव्हॅन आणि सायकली लादलेल्या मोटारींची रांग हलतच नाही. पुढच्या गाडीचे अंतर राखून आपोआप चालणारी यंत्रणा या रांगेत खरोखर कामाची ठरते. तीच यंत्रणा अरुंद ग्रामीण रस्त्यावर उगाच सुकाणू ओढते. वेगमर्यादा ओलांडली की टुणटुणणारी सूचना तर डोके उठवते. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे, पण आमच्या गाडीचा कॅमेरा शेजारच्या फाट्यावरची पाटी आपली समजतो आणि १००च्या रस्त्यावर ५०चा घोष लावतो. गाडी सुरू केली की ती सूचना दर वेळी पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावून बंद करावी लागते. मोबाइलवरून गाडी आधीच उबदार करून ठेवण्याची सोयही थंडीच्या दिवसांत, म्हणजे नेमकी हवी तेव्हा, कित्येकदा जोडली जात नाही.

बोडनझे सोडून उत्तरेला लागले की श्वाबियन आल्प (आल्प्स नव्हे) नावाचे पठार चढायचे आणि हेशिंगनजवळ होहेनत्सोलर्नचा किल्ला उजवीकडे ठेवत नेकरच्या खोऱ्याकडे उतरायचे. या शेवटच्या उतारामुळे ट्यूबिंगनला पोहोचताना गाडीने दाखवलेल्या अंदाजापेक्षा नेहमीच थोडी जास्त बॅटरी शिल्लक राहते. गावात मात्र गाडीचा काहीही उपयोग नाही. जुने गाव चढउताराच्या दगडी गल्ल्यांचे आहे. पार्किंगच्या इमारतीत गाडी चार्जिंगला लावून पायीच फिरावे.

१४७७ मध्ये काउंट एबरहार्ड यांनी स्थापन केलेले हे विद्यापीठ आणि हे गाव वेगळे काढता येत नाहीत. नव्वद हजारांच्या गावात विद्यार्थीच पंचवीस हजारांहून अधिक आहेत. ज्या धर्मशिक्षणाच्या वसतिगृहात खगोलशास्त्रज्ञ केप्लर राहिला, तिथेच दोनशे वर्षांनी हेगेल आणि शेलिंग हे तत्त्वज्ञ आणि कवी होल्डरलिन एकत्र शिकले. नदीकाठच्या पिवळ्या मनोऱ्यात होल्डरलिनने मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत आयुष्याची उरलेली छत्तीस वर्षे काढली. इथेच प्राध्यापक असलेल्या शिकार्डने १६२३ मध्ये आकडेमोडीचे यंत्र बनवले, आणि १८६९ मध्ये संशोधक मीशरने टेकडीवरच्या किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत पेशीच्या केंद्रकातला जो पदार्थ वेगळा काढला त्याला आज आपण डीएनए म्हणतो. ती खोली पाहता येते. संस्कृतशी संबंध असलेल्या मराठी वाचकाला आणखी एक ओळख इथे भेटेल : बोटलिंक यांच्यासह पीटर्सबर्गचा संस्कृत-जर्मन महाकोश सिद्ध करणारे रुडोल्फ फॉन रॉथ याच विद्यापीठात शिकवत होते. बाबांनी सारी नोकरी संस्कृत शिकवण्यात काढली. किल्ल्याच्या चढावर दम खात असतानाही ते त्या कोशाबद्दलच बोलत होते.

वर्गणीची मुदत संपत आली तेव्हा त्याच कंपनीने ७७ युनिटच्या बॅटरीची मोठी गाडी थोड्या जादा पैशांत देऊ केली. ती नाकारली. ऑटोबानवर तिने एक थांबा वाचला असता, पण तिथल्या थांब्याचा आम्हाला त्रास नाही, आणि तळ्यांच्या मार्गावर मुक्कामाची जागा बॅटरीमुळे नव्हे तर आई-बाबांच्या सोयीने ठरते. वजन मात्र अडीचशे-तीनशे किलोने वाढले असते आणि ट्यूबिंगनच्या पार्किंगमधली आधीच अंग चोरून शिरावी लागणारी जागा आणखी अरुंद झाली असती. हीच गाडी पुढच्या मुदतीसाठी ठेवली आहे, फक्त करारातली किलोमीटरची मर्यादा वाढवून घेतली.